एन स्केलचा आवाज: डिकोडर, स्पीकर आणि एक घन सेंटिमीटर हवा

अमेरिकेत मालगाड्या ओढणारं एसडी-४०-२ हे डिझेल इंजिन जवळपास २१ मीटर लांब असतं. मॉडेल रेल्वेच्या एन मापात, म्हणजे १:१६० प्रमाणात, ते १३१ मिलिमीटर भरतं आणि त्याच्या लाँग हूडची, म्हणजे यंत्र झाकणाऱ्या लांब अरुंद कवचाची, बाहेरची रुंदी जेमतेम ११ मिलिमीटर उरते. एवढ्या जागेत मोटर, गिअर, ओतीव धातूची चासी, दिवे, डिकोडर आणि स्पीकर बसवायचे, आणि वर आवाजही खऱ्या इंजिनासारखा यायला हवा, अशी मागणी हौशी मंडळी गेली वीसेक वर्षं करत आली आहेत. ती बरीचशी पुरी झाली आहे. आज एन मापातलं इंजिन दुकानातून आवाजासकट विकत घेता येतं. तरी त्यात कोणता डिकोडर असावा, त्याला कोणता स्पीकर जोडावा, आणि मुळात एवढ्याशा गाडीला आवाज द्यावा का, या तिन्ही प्रश्नांवर अनुभवी लोकांतही एकमत नाही.

वादाचा रोख मात्र बदलला आहे. पूर्वी चर्चा कंपन्यांच्या नावांभोवती फिरे. आता ती स्पीकरच्या मागे कोंडलेल्या हवेवर, आवाजाच्या फाइलींच्या मालकीवर आणि खोलीत किती आवाज बरा वाटतो यावर येऊन ठेपली आहे.

रुळांतून आलेला आवाज

इंजिनातून आवाज काढण्याची खटपट डिजिटल युगाच्या आधीपासूनची. पितळी मॉडेल आयात करणाऱ्या पॅसिफिक फास्ट मेल या अमेरिकन कंपनीने १९७०च्या दशकात वाफेच्या इंजिनांसाठी एक यंत्रणा विकायला काढली. आवाज टेबलाजवळच्या पेटीत तयार व्हायचा, रुळांतल्या विजेवर स्वार होऊन इंजिनापर्यंत जायचा आणि तिथल्या स्पीकरमधून बाहेर पडायचा. चाकाला जोडलेल्या संपर्कपट्टीमुळे चाकाच्या गतीबरोबर भकभक जुळायची. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफ चारदा बाहेर पडते, हा हिशेब तेव्हापासून पाळला जातो.

खरा पालट डीसीसीने, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलने, आणला. बर्न्ड लेन्झ यांच्या जर्मन कंपनीच्या यंत्रणेवर आधारलेलं हे मानक अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९४ मध्ये स्वीकारलं. यात रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज असतं आणि त्यातूनच सांकेतिक आज्ञा जातात. प्रत्येक इंजिनाला पत्ता असतो, आतला डिकोडर आपल्या पत्त्यावरची आज्ञा वाचतो आणि मोटर, दिवे चालवतो. गाडी उभी असतानाही डिकोडरला वीज मिळत राहिल्याने स्थिर उभ्या इंजिनाची घरघर ऐकवणं शक्य झालं. आवाजाच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी सोय होती.

कोलोरॅडोतल्या दुरँगो गावच्या साउंडट्रॅक्सने १९९०च्या दशकात आवाजाचे डिकोडर बाजारात आणले. जर्मनीतल्या ईएसयूचा पहिला लोकसाउंड १९९९ मध्ये आला. व्हिएन्नाची झिमो मोटर-नियंत्रणासाठी आधीपासून नावाजलेली होती, तीही आवाजात उतरली. हे सुरुवातीचे डिकोडर एच-ओ, म्हणजे १:८७, किंवा त्याहून मोठ्या मापांसाठी होते. एनमध्ये ते बसवायचे तर इंजिनामागच्या डब्यात लपवावे लागत.

छोट्या मापाची कोंडी दोन गोष्टींनी फुटली. पहिली म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग लहान होत गेले. ईएसयूचा लोकसाउंड ५ नॅनो सुमारे २० मिलिमीटर लांब आणि ८.५ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे वर सांगितलेल्या हूडमध्येही तो मावू शकतो. दुसरी म्हणजे जोडणीचं मानक. एनमधल्या जुन्या सहा पिनांच्या सॉकेटमध्ये रूळ, मोटर आणि दिवे यांच्याच तारा होत्या, स्पीकरसाठी पिनच नव्हती. नंतर आलेल्या नेक्स्ट-१८ सॉकेटमध्ये स्पीकरचे दोन संपर्क आहेत आणि आवाजाच्या डिकोडरसाठी २५ × १०.५ × ४.१ मिलिमीटरची कमाल जागाही ठरवून दिली आहे. त्यामुळे इंजिन बनवणाऱ्याला चासीत किती खोबण ठेवायची ते आधीच कळतं. युरोप आणि ब्रिटनमधल्या नव्या एन इंजिनांत हे सॉकेट रुळलं. अमेरिकन एन इंजिनांत मात्र दोन अर्ध्या भागांच्या चासीवर बसणारी सर्किटची लांबट पट्टी काढून तिच्या जागी त्याच आकाराचा डिकोडर घालण्याची पद्धत टिकून आहे.

स्पीकर: आधी हवा, मग पडदा

छोट्या इंजिनाच्या आवाजावर नेहमीचा आक्षेप असा की तो डबीत अडकलेल्या माशीसारखा येतो. आक्षेप खरा आहे आणि त्यामागचं कारण भौतिकशास्त्राचं आहे.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पडद्याच्या मागची बाजू उघडी ठेवली, तर पुढचा दाब कडेने वळून मागच्या विरळ हवेत मुरतो आणि खालच्या पट्टीचा आवाज जवळपास नाहीसा होतो. म्हणून स्पीकरच्या मागे हवाबंद डबी लागते. पण डबी लहान झाली की आतली हवा ताठ होते, पडद्याला मागे सरकू देत नाही आणि स्पीकरची नैसर्गिक वारंवारता वर चढते. त्या वारंवारतेच्या खाली बंद डबीतल्या स्पीकरचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबल या वेगाने गळतो. ११ × १५ मिलिमीटरच्या स्पीकरला ८ मिलिमीटर उंचीची डबी दिली तर आत सव्वा घन सेंटिमीटरहून थोडी जास्त हवा राहते. एवढ्या हवेवर काही शे हर्ट्झच्या खाली फारसं काही ऐकू येत नाही.

आता इंजिनाकडून काय मागणी आहे ते पाहावं. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये आल्को कंपनीचं १६ सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं २५१ जातीचं इंजिन असे. ते उभं असताना मिनिटाला ४०० फेरे घेई. चार स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला ५३ स्फोट. पूर्ण जोरात, १००० फेऱ्यांना, हाच आकडा १३३ वर जातो. स्टेशनात उभ्या इंजिनाची जी धडधड छातीत जाणवे, ती या ५० ते १३० हर्ट्झच्या पट्ट्यातली. एन मापाच्या स्पीकरला तो पट्टा गाठताच येत नाही.

तरीही चांगल्या बसवणीतलं एन डिझेल ओळखू येतं, कारण माणसाचा कान इथे मदतीला धावतो. ५३ हर्ट्झच्या ध्वनीबरोबर १०६, १५९, २१२ असे त्याच्या पटीतले स्वरही निघत असतात. मूळ स्वर गायब असला आणि वरचे पटीतले स्वर ऐकू आले, तर मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो. मात्र हे पुरेशा खालच्या पटींवरच चांगलं जमतं. स्पीकर ५०० हर्ट्झला थांबला तर ५३च्या नवव्या-दहाव्या पटीपासून पुढचंच हाती लागतं आणि तिथे हा अंदाज क्षीण होतो. तोच स्पीकर थोड्या मोठ्या डबीमुळे ३५० हर्ट्झपर्यंत उतरला, तर आणखी दोन-तीन पटी कानावर येतात आणि घरघरीला अंग येतं. स्पीकरच्या निवडीत एक-दोन मिलिमीटरवरून एवढा खल का होतो, त्याचं उत्तर या फरकात आहे.

याच कारणाने वीज, वाफ आणि डिझेल या तिन्ही जातींच्या इंजिनांना एनमध्ये सारखाच न्याय मिळत नाही. विजेच्या इंजिनात पंख्यांचा घोंघाट, काँटॅक्टरचे खटके, मोटरची चढती शीळ, म्हणजे बहुतेक सगळं वरच्या पट्टीतलं, आणि ते छोट्या स्पीकरला झेपतं. वाफेच्या भकभकीत सुसाट हवेचा भाग मोठा असतो आणि शिट्टीही मध्यम पट्टीत बसते, त्यामुळे तीही बऱ्यापैकी उतरते. सर्वांत अवघड डिझेल.

फोनमधल्या स्पीकरांचा शिरकाव

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत एनमध्ये गोल किंवा लंबगोल, कागदी किंवा प्लॅस्टिक पडद्याचे स्पीकर वापरले जात. मग मोबाइल फोनसाठी बनवलेले चौकोनी सूक्ष्म स्पीकर हौशी लोकांच्या हाती लागले. त्यांचा पडदा आकाराच्या मानाने बराच पुढे-मागे होतो, चुंबक जोरदार असतो आणि किंमत कमी. आयफोन ४ मधला स्पीकर काढून इंजिनात बसवण्याची टूम तेव्हा बरीच पसरली. साखरेच्या खड्यासारख्या आकारावरून या जातीला ‘शुगर क्यूब’ हे नाव पडलं. पुढे उत्पादकांनीही तेच केलं. झिमोच्या यादीत ८ × १२ आणि १० × १५ मिलिमीटरचे स्पीकर आहेत, आणि ईएसयूच्या छोट्या डिकोडरबरोबर ११ × १५ चा स्पीकर व एकमेकांवर चढवता येणाऱ्या डबीच्या चौकटी मिळतात.

मापांचा मेळ इथे घालावा लागतो. युरोपातल्या पेटीसारख्या इंजिनाची रुंदी सुमारे ३ मीटर, म्हणजे एनमध्ये १९ मिलिमीटरच्या आसपास. त्यात ११ × १५ चा स्पीकर आडवा आरामात बसतो. अमेरिकन हूडच्या आत कवच वजा जाता नऊ-साडेनऊ मिलिमीटरच उरतात. तिथे तोच स्पीकर उभा करावा लागतो किंवा ८ × १२ वर समाधान मानावं लागतं. तिसरा उपाय चासी कापण्याचा. रेडिएटरच्या जाळीखालचा धातू मिलिंग करून काढला की जागा होते, पण वजन कमी होऊन ओढण्याची ताकद घटते. डोंगरी चढ असलेल्या लेआउटवर ही किंमत मोठी ठरते, सपाट लेआउटवर फारशी जाणवत नाही.

डबी लहान पण हवाबंद असावी, की मोठी पण थोडी फटीची चालेल, यावर मतभेद असले तरी फट वाईट, हे जवळपास सर्वांना मान्य आहे. स्पीकर आणि डबीच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी खालची पट्टी तिथून निसटते. ती पकडण्याची रीत साधी आहे: इंजिन वाजत ठेवून सांध्याच्या चारही बाजूंवर एकेक करून बोट दाबायचं. एखाद्या ठिकाणी दाबताच आवाज भरला, तर गळती तिथेच. मग पांढरा गोंद किंवा कॅनोपी ग्लू पातळ फिरवायचा, तो पडद्यावर जाणार नाही एवढं जपायचं. तारा जिथून बाहेर येतात ते भोक बहुतेक वेळा विसरलं जातं.

पुढचा तिढा उघड्या तोंडाचा. इंजिनाच्या कवचाला आवाज बाहेर पडायला वाट हवी. एक पक्ष पडदा खाली, रुळांकडे तोंड करून ठेवतो, कारण बोगी आणि इंधनटाकीच्या बाजूंनी वाट आयती मिळते. दुसरा पक्ष तो वर, पंख्याच्या कोरलेल्या जाळीखाली ठेवतो. जाळीच्या खऱ्याखुऱ्या आरपार भोकांमुळे वरची पट्टी स्वच्छ येते, हे त्यांचं म्हणणं. पण एन इंजिनांच्या अनेक जाळ्या नुसत्या उठावाच्या असतात, आरपार नसतात. अशा कवचात वर तोंड करून काही उपयोग नाही.

विजेच्या बाजूने एकच गोष्ट ठामपणे सांगता येते, ती म्हणजे ओहमचा हिशेब चुकवू नये. जुन्या लोकसाउंड ३.५ ला १०० ओहमचा स्पीकर लागत असे. त्याला आजचा ८ ओहमचा जोडला तर डिकोडरचा ॲम्प्लिफायर जळतो. आजच्या लोकसाउंड ५ ला ४ ते ३२ ओहम चालतात, पण सगळ्यांच्या छोट्या डिकोडरांना ४ ओहम मानवत नाहीत. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ होतात, ओळीने जोडले की १६. शिवाय दोन स्पीकर असतील तर त्यांची धन-ऋण टोकं सारखी जुळली पाहिजेत. उलटी झाली तर एकाचा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा मागे येतो आणि खालची पट्टी एकमेकांना खाऊन टाकते.

डिकोडर: तयार संच की भरता येणारी फाइल

डिकोडरांच्या बाबतीत दोन विचारपद्धती समोरासमोर आहेत.

पहिली साउंडट्रॅक्सची. त्यांच्या त्सुनामी-२ मध्ये इंजिनांचे, शिट्ट्यांचे, भोंग्यांचे, घंटांचे आवाज कारखान्यातूनच भरलेले असतात. ईएमडी, जीई, आल्को या कंपन्यांची डिझेल इंजिनं, वाफेचं इंजिन अशा वेगवेगळ्या आवृत्त्या मिळतात, आणि घेणाऱ्याने सीव्ही, म्हणजे डिकोडरमधल्या सेटिंगचे आकडे बदलून त्यांतून निवड करायची. संगणक लागत नाही, वेगळा प्रोग्रामर लागत नाही. आत सात पट्ट्यांचा इक्वलायझर आहे, त्यामुळे छोट्या स्पीकरला न झेपणारी खालची पट्टी दाबून पडद्याची खडखड थांबवता येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ही पद्धत सोपी जाते. मर्यादा उघड आहे: संचात नसलेलं इंजिन बाहेरून आणून भरता येत नाही.

दुसरी पद्धत ईएसयू आणि झिमोची. डिकोडर कोरी पाटी असतो आणि त्यात पूर्ण ध्वनिप्रकल्प भरायचा. ईएसयूच्या फाइली कंपनीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात, पण त्या भरायला लोकप्रोग्रामर नावाचं उपकरण विकत घ्यावं लागतं. इंजिन एक असेल तर तो खर्च जड वाटतो, वीस असतील तर वाटत नाही. झिमोकडे काही प्रकल्प विनामूल्य आहेत, तर काही ध्वनी तयार करणाऱ्या स्वतंत्र लोकांचे असून त्यांना विकत घेतलेला संकेतांक लागतो. यामुळे खऱ्या इंजिनावर माइक लावून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना मोबदला मिळतो आणि युरोपातल्या बारीकसारीक जातींचेही आवाज तयार होतात. उलट पक्षी, संकेतांक त्या डिकोडरशी बांधलेला असल्याने डिकोडर जळला तर पुढे काय, ही धास्ती ग्राहकाला राहते.

कागदावरच्या आकड्यांत आता फार अंतर उरलेलं नाही. लोकसाउंड ५ मध्ये १६ बिट, ३१.२५ किलोहर्ट्झ, एकाच वेळी १० आवाज आणि १२८ मेगाबिट साठवण आहे. झिमोच्या एमएस मालिकेतही १६ बिट आणि १२८ मेगाबिट असून आवाजांच्या वाहिन्या १६. त्याआधीच्या झिमो डिकोडरांत ३२ मेगाबिट आणि सहा वाहिन्या होत्या. मोठ्या स्पीकरवर ही झेप लगेच कळते. एनमध्ये ती वरच्या पट्टीत, म्हणजे वाफेच्या फुसकारीत आणि टर्बोच्या शिट्टीत कळते. खालच्या पट्टीत स्पीकर आड येतो. म्हणून एनसाठी आधी स्पीकर आणि त्याची डबी कुठे, किती मोठी बसेल हे पक्कं करावं, मग उरलेल्या जागेत मावणारा डिकोडर शोधावा, हा क्रम अधिक शहाणपणाचा दिसतो. अनेक जण उलटा क्रम धरतात आणि शेवटी स्पीकरला कोपऱ्यातली चिमूटभर जागा उरते.

डिकोडरची परीक्षा आवाजाइतकीच मोटरवरही होते. एन इंजिनांत आता कोअरलेस मोटरी येत आहेत. त्या हलक्या आणि चपळ असल्याने चुकीच्या सेटिंगवर झटके खातात. मोटर फिरताना स्वतः जे उलट व्होल्टेज तयार करते ते मोजून डिकोडर वेग सांभाळतो, आणि त्याच मोजणीवरून वाफेची भकभक चाकांशी जुळवतो. ईएसयूमध्ये सीव्ही ५७ आणि ५८, तर झिमोमध्ये सीव्ही २६७ बदलून चाकाच्या फेऱ्याला चार भकभकी बसवता येतात. अगदी संथ वेगात हा मेळ थोडा घसरतो. चाकावर प्रत्यक्ष सेन्सर लावला तर घसरत नाही, पण एनच्या चाकामागे सेन्सरला जागा कुठून आणणार? बहुतेकांनी मोजणीवर भागवायचं ठरवलं आहे.

दोन-तीन मिलिमीटरची खंडित वीज

आवाज नसलेलं इंजिन मळक्या रुळावर क्षणभर अडखळलं तर डोळ्याला कळतही नाही. आवाज असलेलं इंजिन मात्र गप्प होतं आणि पुन्हा सुरुवातीपासून चालू होण्याचा आवाज काढतं. एनची चाकं लहान, इंजिन हलकं, त्यामुळे हा त्रास मोठ्या मापांपेक्षा जास्त.

उपाय कपॅसिटरचा. पण किती? १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून ८ पर्यंत उतरेपर्यंत १५० मिलिअँपिअर दिले, तर तो ४० मिलिसेकंद टिकतो. ताशी ४० किलोमीटरच्या प्रमाणित वेगाने चालणारं एन इंजिन तेवढ्या वेळात सुमारे तीन मिलिमीटर सरकतं. धुळीचा कण ओलांडायला ते पुरे, रूळ बदलण्याच्या सांध्यातल्या प्लॅस्टिक फ्रॉगसाठी, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यासाठी, नाही. काही सेकंद तग धरायचा तर सुपरकपॅसिटरची माळ आणि ती सांभाळणारं सर्किट लागतं, आणि ते पुन्हा स्पीकरच्याच जागेवर हक्क सांगतं. एका बाजूचे लोक म्हणतात, विजेची साठवण आधी, कारण तुटक आवाजापेक्षा लहान आवाज बरा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, रूळ पुसा, फ्रॉगला वीज द्या आणि इंजिनातली हवा स्पीकरला ठेवा. घरच्या छोट्या लेआउटवर दुसरा सल्ला पाळता येतो. प्रदर्शनात दिवसभर गाड्या पळवणाऱ्यांना पहिला जवळचा वाटतो.

किती जोरात?

प्रमाणित मापाचा आवाज म्हणजे काय, यावर दोन प्रामाणिक मतं आहेत. एक मत म्हणतं, एक मीटरवरून पाहिलेलं एन मॉडेल हे १६० मीटरवरून पाहिलेलं इंजिन आहे, तेव्हा आवाजही तेवढ्या अंतरावरचा हवा. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. अमेरिकेत १९७९ नंतर बनलेल्या इंजिनांना १०० फुटांवर उभ्या घरघरीसाठी ७० आणि जोर लावल्यावर ८७ डेसिबलची कायदेशीर कमाल मर्यादा आहे. ती १६० मीटरवर नेली तर सुमारे ५५ आणि ७२ येते. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. म्हणजे या हिशेबाने उभं इंजिन बोलण्याखाली ऐकू यावं आणि चढ चढणारं बोलण्यावर चढावं. बहुतेक मॉडेलांत या दोन अवस्थांतला फरक याहून कितीतरी कमी असतो. जोर वाढवणं स्पीकरला जमत नाही, म्हणून घरघरच वर ठेवलेली असते.

दुसरं मत असं की हिशेब एका इंजिनाचा आहे. खोलीत सहा इंजिनं एकदम वाजू लागली की कान थकतो आणि आवाजाची मजा संपते. म्हणून मुख्य आवाज अर्ध्याच्या खाली आणावा, असा अनेक जुन्या जाणत्यांचा सल्ला. लोकसाउंड ५ चा मुख्य आवाज सीव्ही ६३ मध्ये ० ते १९२ या पट्टीवर ठरतो आणि कारखान्यातून तो १८० वर येतो, म्हणजे जवळपास टोकावर. दुकानात लक्ष वेधायला ते ठीक, घरात नाही. आवाज कमी केल्याने छोट्या पडद्याची खडखडही थांबते, त्यामुळे गुणवत्तेच्या बाजूनेही हे मत वजनदार आहे. कोणत्याही संस्थेने या बाबतीत मोजमापाचं मानक ठरवलेलं नाही, म्हणून दोन कंपन्यांची इंजिनं एका रुळावर ठेवली की एक ओरडतं आणि दुसरं कुजबुजतं.

आवाज इंजिनातच हवा का?

काहींनी प्रश्नच बदलला. साउंडट्रॅक्सने पूर्वी सराउंडट्रॅक्स नावाची यंत्रणा काढली होती. गाडी लेआउटच्या कोणत्या भागात आहे हे ओळखून तिथल्या, टेबलाखाली बसवलेल्या मोठ्या स्पीकरमधून आवाज काढायचा, ही तिची कल्पना. खालची पट्टी भरपूर मिळे, पण जोडणी किचकट होती आणि आवाज इंजिनातून न येता परिसरातून येई. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. अशा, लोकांनी चारी बाजूंनी पाहायच्या लेआउटवर परिसरातून येणारा आवाज खपून जातो. घरी तोंड जवळ नेऊन इंजिन पाहणाऱ्याला तो खटकतो. मधला मार्गही आहे: खोल घरघर टेबलाखालून आणि शिट्टी, खटके, ब्रेक इंजिनातून. दोन्ही आवाजांचा मेळ जुळवायला मेहनत लागते, म्हणून तो फार थोडे लोक वापरतात.

ज्यांना इंजिनात जागाच नाही, त्यांच्यासाठी सुसी नावाची चार तारांची जोडणी आहे. तिच्यामुळे आवाजाचं मॉड्यूल मोटरच्या डिकोडरपासून वेगळं ठेवता येतं. १:२२० च्या झेड मापात बरेच जण स्पीकर मागच्या डब्यातच ठेवतात.

गेल्या काही वर्षांत आणखी एक वाट उघडली. साउंडट्रॅक्सचा ब्लुनामी आणि हॉर्नबीचे एचएम-७००० डिकोडर फोनवरून ब्लूटूथने चालतात. रुळांत साधी वीज असली तरी पुरते आणि डीसीसीचा महागडा कंट्रोलर लागत नाही. हॉर्नबीने २०२२ मध्ये आणलेल्या टीटी, म्हणजे १:१२० मापाबरोबर ही पद्धत नव्या लोकांपर्यंत पोचली. शंका टिकाऊपणाची आहे. डीसीसीचं मानक खुलं असल्याने १९९०च्या दशकातला डिकोडर आजही चालतो. ब्लूटूथच्या ॲपांना तसं समाईक मानक नाही.

अनिर्णित

भारतीय इंजिनांची मॉडेलं प्रामुख्याने एच-ओच्या रुळांवर चालतात, एनमध्ये फार थोडी. तरी आवाजाच्या बाबतीत एक नशिबाची गोष्ट आहे. डब्ल्यूडीएम-२ आणि डब्ल्यूडीएम-३ए यांचं आल्को २५१ इंजिन अमेरिकेतही चाललं, त्यामुळे त्याचं ध्वनिमुद्रण ईएसयूच्या संग्रहात आहे आणि त्सुनामी-२ ची आल्को आवृत्तीही मिळते. कल्याण किंवा पुण्याच्या शेडमध्ये ज्यांनी हा टर्बोचा सूर ऐकला, त्यांना तो ओळखीचा वाटेल. मात्र भारतीय भोंगा वेगळा, आणि व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातला एक्झॉस्टरचा, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा ओढणाऱ्या पंपाचा, आवाज अमेरिकन फाइलींत असण्याचं कारणच नाही. फाइल भरता येणाऱ्या डिकोडरमध्ये हे दोन तुकडे बाहेरून घालता येतात, तयार संचात नाही. भारतीय छंदिष्टासाठी डिकोडरच्या निवडीत हा मुद्दा युरोपीय छंदिष्टापेक्षा जड पडतो.

बोर घाटात मालगाड्या नेणारं डब्ल्यूसीजी-१, ज्याला लोक ‘खेकडा’ म्हणत, ते विजेचं आणि बाजूच्या दांड्यांनी चाक फिरवणारं इंजिन. छोट्या स्पीकरला झेपणारी वरची पट्टी त्याच्या मोटरांत आणि पंख्यांत होती. त्याच धाटणीच्या स्विस इंजिनांचे ध्वनिप्रकल्प युरोपात आहेत, पण घाटावरच्या त्या इंजिनाचा दांड्यांचा ठोका आणि पंख्यांचा सूर स्विस फाइलीतून जसाच्या तसा मिळणार नाही.

जगभरच्या पातळीवर तीन गोष्टी उघड्या राहिल्या आहेत. पहिली, स्पीकरांच्या मोजमापाची. उत्पादक आकार, ओहम आणि वॅट छापतात, पण दिलेल्या डबीत तो कोणत्या वारंवारतेपर्यंत उतरतो याचा आलेख क्वचितच देतात, त्यामुळे तुलना कानावर आणि ऐकीव मतांवर चालते. दुसरी, आवाजाच्या जोराची. डिकोडर कंपन्यांनी एकत्र बसून घरघरीची एक समान पातळी ठरवली तर एकाच लेआउटवर वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं नांदतील, पण असं मानक अजून ठरलेलं नाही. तिसरी, विकत घेतलेल्या ध्वनिप्रकल्पांच्या मालकीची. डिकोडरची पिढी बदलली की जुने प्रकल्प नव्या चिपवर हलवण्याची सोय प्रत्येक कंपनी आपापल्या परीने ठरवते, आणि मुद्रण केलेलं इंजिन तोवर भंगारात गेलेलं असेल तर ते पुन्हा मुद्रित करता येत नाही.